जांबवाडीचं गरम पाणी

आमच्या भूजलाच्या ऑफिसात पाण्याच्या बाटल्या साठतात. लेबल लावलेल्या, धूळ बसलेल्या, रांगेनं मांडलेल्या. तपासणी झाली की पाणी मोरीत ओतायचं, बाटली धुवायची आणि परत फील्डवर न्यायची. किश्शांचं तसं नाही. ते ओतून देता येत नाहीत. कुणी ओतायला गेलंच तर दुसरा म्हणतो, "थांब की, त्यातलं मामूचं ऱ्हायलं!" मग परत पहिल्यापासून सगळं सुरू!

लोकांना वाटतं सरकारी ऑफिसातले किस्से म्हणजे हसायचे. आमचेही हसतच सुरू होतात. शेवटी मात्र एकेक जण उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो.

आमची टोळी चौघांची. अप्पासर सगळ्यांत थोरले, भूवैज्ञानिक. घरात कन्नड, शेजाऱ्यांशी मराठी, साहेबाशी इंग्लिश आणि दगडाशी तिन्ही भाषांत बोलणारा माणूस. वैजनाथ आमचा केमिस्ट, औरादचा. पाण्याची बाटली हातात आली की त्याचं तोंड सुरू व्हायचं ते जीप ऑफिसला लागेपर्यंत. महबूबमामू ड्रायव्हर, बिदरचे. आणि मी, भालकीची, तेव्हा नोकरीत नवीन. गावात गेलं की मी "म्याडम", मामूंना मात्र "बेटी".

गावाचं खरं नाव सांगत नाही. जांबवाडी म्हणू. भालकी आणि औरादच्या शिवेवरचं गाव आहे, एवढं पुरे.

•

सुरुवात एका फोननं झाली. हिवाळ्यातली सकाळ. पलीकडं जांबवाडीचे पंचायत मेंबर.

"म्याडम, आमच्या गुंडप्पाच्या बोअरमधून वाफ यायलीय. जमिनीला ताप आलाय, ताप! लगेच निघा."

आम्ही पोचलो तर शेतात जत्रा. गुंडप्पाची जुनी विहीर आटली होती, म्हणून त्यानं तिच्या कडेलाच नवा बोअर मारला होता. चांगला खोल. पाणी लागलं, पण लागलं ते गरम! थंडीमुळं पाइपाच्या तोंडाशी वाफ धरलेली. बायका लांबून हात जोडत होत्या, पोरं जवळ जाऊन बोट बुडवत होती. गुंडप्पाचा धाकटा भाऊ सिद्धू हातात काठी घेऊन सगळ्यांना मागं सारत होता.

वैजनाथला तर घबाड सापडल्यासारखं झालं. थर्मामीटर घाल, बाटली भर, वास घे, परत थर्मामीटर घाल. "म्याडम, आपल्या भागात असं पाणी मी पहिल्यांदा बघायलोय!" मामूंनी शांतपणे हात बुडवला, झटकला आणि म्हणाले, "चाय नै बनती इसमें. पन नहाने कू एक नंबर हाय."

तोवर कुणीतरी व्हिडिओ काढून सोडला होता: 'बिदर जिल्ह्यात ज्वालामुखी!' आम्ही शेतातच होतो आणि अप्पासरांना वरच्या साहेबांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"अप्पा, ज्वालामुखी आहे का?"

"नाही सर."

"नक्की?"

"नक्की सर. साधं खोलातलं गरम पाणी आहे."

मग साहेब म्हणाले, "बरं. पण समजा असलाच, तर तालुका कुठला पडतो?"

"भालकी आणि औरादच्या मधोमध, सर."

"मग औरादला कळवून टाका!"

•

गाव काही ऐकेना. लोकांनी सामान बांधायला घेतलं. तेव्हा अप्पासर म्हणाले, आपण बैठक घेऊ. शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरली. बाया एकीकडं, माणसं एकीकडं. गुंडप्पा आणि सिद्धू पुढं, लग्नातल्या नवरदेवासारखे. बोअर त्यांचा ना!

अप्पासर उत्तम शिकवतात, यात वाद नाही. त्यांनी सुरुवात केली. "बगा, आपल्या पायाखालचा काळा दगड म्हंजे थिजलेला लाव्हा. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी जमीन फाटली, लाव्हा वर आला, पसरला, थिजला. परत आला, परत थिजला. ताटात धपाट्यावर धपाटं ठेवावं तसा. आणि दोन धपाट्यांच्या मधी कुठंकुठं लाल मातीचा थर."

माणसं माना डोलवत होती.

"आता बंब बगितलाव का? पाणी तापवायचा? नुसत्या आगीनं अंघोळ होती का? आग पायजे, पाणी पायजे, झाकण पायजे आणि पाणी भाईर यायला तोटी पायजे. जिथं ज्वालामुखी जिता असतो, तिथंबी हेच. खाली आग असली तरी पाऊस मुरला न्हाई, दगडाला फट न्हाई, तर गरम झरा होतच न्हाई. आणि आपल्याकडं तर ती आग कवाच विझली. राखबी गार झाली."

"मग पाणी कशानं तापलं?" गुंडप्पानं विचारलं.

"जमीन खोलात मूळचीच गरम असती, गुंडप्पा. जगात कुठंबी खणा. पावसाचं पाणी फटीतनं लई खोल गेलं, तापलं. वर लाल मातीचं झाकण होतं म्हणून अडून बसलं, वरच्या गार पाण्यात मिसळलं न्हाई. तू बोअर मारून त्याला तोटी बसवलीस. एवढंच. ज्वालामुखी मेलाय. मेलाय म्हंजे मेलाय!"

आम्हाला वाटलं, जिंकलं. बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी उभी राहिली. पदर सावरला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं,

"मेलाय म्हणताव, तर अंग गरम कामून?"

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या बसला उभं राहायला जागा नव्हती.

•

पळून गेलेले आठवड्याभरात परत आले. गावाबाहेर म्हशींना वैरण कोण घालणार? आणि ते परत आले तोवर दुसरीकडून लोक यायला लागले होते. अंगाला खरूज आहे, गुडघे धरलेत, मूल होत नाही. कुणी बोअरच्या पाइपाला हार घातला, कुणी कुंकू लावलं. सिद्धूनं काठी टाकून दिली आणि बादल्या भरून द्यायचं काम हाती घेतलं. फुकट, बरं का. गुंडप्पाची बायको शरणम्मा, फार मोजकं बोलणारी. ती म्हणायची, "पाणी काय आमी उकळलंय? द्या की."

अप्पासरांना हे बघवेना. पाणी औषधी नाही, त्यात फार काही नाही, हे ते प्रत्येकाला थांबवून सांगायचे.

अवकाळी पाऊस होऊन गेला आणि एक दिवस चिंचोळीकडून एक बाई आली. जीपमधून नव्हे, टेम्पोतून. टेम्पोत गादी टाकलेली आणि गादीवर तिचा तरणा मुलगा. झाडावरून पडून कमरेखालचं सगळं गेलेलं. दोन वर्षं तसाच. सिद्धूनं त्याला उचलून पाटावर बसवलं, पाठीमागून धरून ठेवलं. बाई तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी सोडत होती. पोरगा खाली मान घालून नुसता बसला होता. पाणी गरम आहे की गार, तेही त्याला कळत नव्हतं.

अप्पासर जवळ गेले. मी पाठोपाठ. सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, खोटी आशा धरू नका. ह्या पाण्यात औषध न्हाई. नुसतं गरम हाय."

बाईनं तांब्या थांबवला नाही. म्हणाली, "म्हाईत हाय, सायब. मोठ्या डॉक्टरनंबी न्हाई म्हणूनच सांगितलंय."

"मग इतक्या लांब कशाला आलाव?"

"घरी लाकडं भिजलीत," ती म्हणाली. "दोन दिस झालं, त्याला गरम पाणी मिळालं न्हाई."

अप्पासर तिथून जीपपर्यंत आले आणि त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. नंतर ते जांबवाडीत कुणालाही थांबवून काही सांगताना मला दिसले नाहीत.

•

मधे एक गुलबर्ग्याकडचा किस्सा सांगते. त्याचा जांबवाडीशी संबंध नाही, पण तो त्याच वर्षीचा आहे आणि वैजनाथ तो माझ्यापेक्षा चांगला सांगायचा.

त्या बाजूला काही गावांत जमिनीतून आवाज येतात. खालून कुणी पिंप लोटावं तसा गडगड आवाज, आणि मांडणीवरची भांडी वाजतात. तिथं काळ्या दगडाच्या खाली चुनखडी लागते. जोराचा पाऊस झाला की पाणी त्या फटींत, पोकळ्यांत शिरतं, आतली हवा कोंडते, दगड जागचा हलतो. आम्हाला तपासणीला पाठवलं. लोक घाबरून घराबाहेर पाल ठोकून राहत होते.

"सायब, हे थांबंल कवा?" सगळ्यांचा एकच प्रश्न.

अप्पासर म्हणाले, "पाऊस थांबला, पाणी मुरलं, की आवाजबी थांबंल."

झालं! त्या गावानं मारुतीला नारळ वाढवला: देवा, पाऊस थांबव. आमच्या भागात! जिथं पावसाविना तोंडचं पाणी पळतं, तिथं पाऊस नको म्हणून नवस!

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच गावात गेलो. टँकर उभा होता आणि त्याच्यामागं घागरींची रांग. त्याच पारावर तोच म्हातारा बसला होता. वैजनाथनं ओळख दाखवली. "काय बाबा, आवाज थांबला का?"

"थांबला की," म्हातारा म्हणाला. "देवानं आमचं पैल्यांदाच ऐकलं."

•

आता जांबवाडीच्या विहिरीचं सांगते. हे आम्ही ऑफिसात सांगत नाही. कुणी नवीन माणूस विचारतो, तेव्हा सांगावं लागतं.

बोअर मारल्यावर थोड्या दिवसांत गुंडप्पाच्या आटलेल्या विहिरीतही पाणी आलं. त्याच फटीतलं पाणी पाझरून तिकडं वळलं होतं. गुंडप्पा खूश! बंद पडलेली विहीर जिवंत झाली म्हणून त्यानं तिथं मोटार बसवली. जनावर पडू नये म्हणून विहिरीच्या तोंडावर पत्रे टाकले, वर बाभळीच्या फांद्या.

आम्ही नमुने घ्यायला गेलो होतो. सकाळचं ऊन, हरभरा घाट्यांवर आलेला, छान दिवस. शरणम्मानं आमच्यासाठी चुलीवर चहा ठेवला होता. वैजनाथ बोअरच्या पाइपाशी उकिडवा बसून काचेची बाटली उन्हात धरून मला दाखवत होता. बाटलीत आत बारीक बारीक बुडबुडे, सोड्यासारखे.

"म्याडम, बगा! ह्याच्यात गॅस हाय. खोलात दाबाखाली पाण्यात मुरलेला असतो. पाणी वर आलं, दाब गेला, की सुटायलाय. केवढी मोठी गोष्ट हाय ही!"

तो इतका आनंदात होता, की मीही हसत होते. अप्पासर बांधावर दगड बघत होते.

तेवढ्यात विहिरीवरची मोटार बंद पडली. गुंडप्पा म्हणाला, "पाइपाच्या खालच्या फुटवॉलमधी गाळ अडकला वाटतं. आलोच." त्यानं एक पत्रा बाजूला सारला आणि कडेच्या दगडांवर पाय देत खाली उतरला. जन्मभर त्या विहिरीत उतरत आलेला. आमच्यातल्या कुणाच्याही मनात काही आलं नाही. वैजनाथच्या हातात ती बाटली होती, तरीही नाही.

खालून धप्प आवाज आला. भिजलेलं पोतं पडल्यासारखा.

सिद्धू धावला. आत वाकून "अण्णा! अण्णा!" ओरडला आणि आम्ही नको म्हणेपर्यंत मोटारीच्या पाइपाला धरून सरसर खाली गेला. तेव्हा वैजनाथच्या हातातली बाटली पडली. त्याला कळलं. पळत जाऊन तो विहिरीत वाकला. "सिद्धू, वर ये! श्वास घेऊ नको! वर ये!" आणि मग यानं चपला काढल्या. केमिस्ट माणूस! आत काय आहे हे त्या शेतात फक्त त्यालाच ठाऊक होतं. तरी उतरायला निघाला.

मामूंनी मागून त्याची कॉलर धरली. हिसका देऊन आडवं पाडलं आणि छातीवर बसले. साठीला आलेला माणूस! वैजनाथनं त्यांना लाथा मारल्या, नखं मारली, आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. मामू उठले नाहीत. अप्पासर विहिरीत दोर सोडून ओरडत होते, "सिद्धू, दोर धर, दोर धर बाबा!" मी गावाकडं धावत सुटले होते.

गाव आलं. मेंबर आले. मग तालुक्याहून गाडी आली, तोंडाला मास्क लावून माणसं उतरली. दोघांना वर काढून हरभऱ्यात निजवलं तेव्हा दोघंही गेलेले होते. अंगावर खरचटल्याची खूणसुद्धा नाही. आत पाणी कमरेएवढंच होतं.

कधीतरी मामू वैजनाथच्या छातीवरून उठले. वैजनाथ उठला नाही. आभाळाकडं बघत म्हणाला, "तुम्ही सोडलं असतं तर—"

"तो दो नै, तीन होते," मामू म्हणाले, आणि जीपमधून पाण्याची बाटली आणायला गेले.

•

यानंतरचा किस्सा अप्पासरांचा.

पंधरवड्यानं जांबवाडीची माणसं ऑफिसात आली. मेंबर पुढं. आठवतं ना, हेच लोक ज्वालामुखीला भिऊन उदगीरला पळाले होते? आता मेंबर हात जोडून म्हणाले,

"सायब, एक ओळ लिहून द्या. ज्वालामुखी हाय म्हणून."

अप्पासरांना कळेना. मग उलगडा झाला. कुण्या पुढाऱ्यानं गावात सांगितलं होतं, ज्वालामुखीनं मेले तर ती नैसर्गिक आपत्ती, सरकार पैसे देऊन घरच्यांना उभं करतं. विहिरीत उतरून मेले तर तो त्यांचा निष्काळजीपणा!

"खरं-खोटं म्हाईत न्हाई," मेंबर म्हणाले, "पण तुमच्या एका ओळीनं त्या बाईचं भलं व्हत असंल तर काय बिघडतंय? तुमीच म्हणला व्हता, आपण ज्वालामुखीवरच बसलोय."

"अण्णा, मी मेलेला ज्वालामुखी म्हणलो होतो."

"मग तेवढंच 'मेलेला' काढा की!"

सरांनी नाही म्हणून सांगितलं. विहिरीतल्या गॅसनं मृत्यू, खोलातल्या पाण्यातून सुटलेल्या गॅसनं, दोघांची चूक नाही, असं मात्र त्यांनी स्पष्ट लिहिलं, जेवढं जोर देऊन लिहिता येतं तेवढं. आणि म्हणाले, हे शरणम्माला मीच जाऊन सांगणार.

मी सोबत होते. शरणम्मा ओट्यावर हरभरा निवडत होती. शेजारी सासू, दोन्ही लेकरं गेलेली बाई, भिंतीकडं तोंड करून बसलेली. सरांनी सगळं समजावून सांगितलं. पाणी कसं खोल जातं, गॅस कसा मुरतो, तो हवेपेक्षा जड कसा, विहिरीच्या तळाशी तळ्यासारखा कसा साचून राहतो, दिसत नाही, वास येत नाही. पत्र्यांमुळं त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. म्हणून हा ज्वालामुखी नव्हे. खोटं लिहिलं तर सगळं गाव उठवतील, जमिनी जातील.

शरणम्मानं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"सायब, तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "पर ज्वालामुखी न्हाई आला म्हणून आमची माणसं कमी मेली का?"

परतताना सर एवढंच म्हणाले, "मामू, जरा हळू चालवा." गाडी तशीही हळूच चालली होती.

•

बोअर सिमेंट घालून बंद केला. विहीर बुजवली. वैजनाथ मात्र बदलला.

तो जीपमध्ये मामूंच्या शेजारी बसायचा, तो मागं बसायला लागला. "थांबवा" आणि "चला" एवढेच दोन शब्द. बाटल्यांशी बोलायचा, तेही बंद. त्यानं स्वतःहून एक काम मागून घेतलं. गावोगाव जाऊन विहिरीत उतरण्याआधी काय करायचं ते सांगायचं. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर जरा धीर धरायचा, विझला तर अजिबात उतरायचं नाही. लोक त्याला 'दिवेवाले साहेब' म्हणायला लागले.

भालकीकडच्या मेहकरला चावडीसमोर असाच कार्यक्रम होता. वैजनाथनं एका पिंपात हे सगळं करून दाखवलं. कंदील खाली गेला, विझला. लोकांनी "अरे बाप रे!" केलं. सगळं नीट झालं. शेवटी एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

"सायब, दिवा विझला तर उतरायचं न्हाई. समजलं. पर आत आपला माणूस पडल्याला असंल तर?"

वैजनाथनं कंदिलाची काच पुसायला घेतली. पुसत राहिला. लोक वाट बघत होते. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात जीपजवळून मामूंचा आवाज आला.

"तरी बी नक्को उतरना!"

म्हातारा वळून बघायला लागला, हा कोण मधेच? वैजनाथनं कंदील पिशवीत घातला आणि कुणाचा निरोप न घेता मागच्या सीटवर जाऊन बसला.

•

मामू रिटायर झाले. हार, शाल, भाषणं झाली. वैजनाथ रजेवर होता.

दर ईदला आम्ही बिदरला मामूंच्या घरी जातो. मी आणि अप्पासर. वैजनाथ कधी आला नाही, मामूंनी कधी विचारलं नाही. मागच्या ईदला मी आणि सर ऑफिससमोर रिक्षाची वाट बघत होतो, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि आमच्या शेजारी उभा राहिला. आम्ही जरा सरकून त्याला जागा दिली. बोललो असतो तर परत गेला असता.

मामूंनी दार उघडलं. त्याला बघितलं. "आव," म्हणाले. जसा दरवर्षीच येत होता.

आम्ही बसलो. नातवंडं येऊन सलाम करून गेली. अप्पासर आणि मामू गुडघ्यांबद्दल बोलले, औरादकडच्या रस्त्याबद्दल बोलले. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या. सरांनी खाल्लं, मी खाल्लं. वैजनाथची वाटी तशीच. तो वाटीतल्या खजुराकडं बघत बसला होता. मग खालीच बघत म्हणाला,

"मामू, सिद्धूनं वर बघितलं होतं."

आतल्या खोलीत टीव्ही लागला होता, तो मामूंच्या सुनेनं बंद केला.

"मी वाकलो तेव्हा तो जिता होता. माझ्याकडं बघत होता. मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई." "तुम्ही मला ओढलाव तेव्हा तो बघत होता, मामू."

मामूंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला.

"हौ बेटा," ते म्हणाले. "तेरी कॉलर पकड्या तब मैं बी झुक्या था. मैं बी देख्या." आणि म्हणाले, "तू देख्या तब सिद्धू सिरफ देखरा था. मैं देख्या तब उनें हात ऊपर कर्‍या."

मग त्यांनी वैजनाथची वाटी उचलून त्याच्या हातात दिली.

"खा," म्हणाले. "थंडा होरा."

वैजनाथनं चमचा घेतला.